इंडेक्स निवडण्याआधी: बी-ट्री, हॅश, ब्रिन आणि जिन यांना काय जमत नाही

डेटाबेसला विचारलेला प्रश्न, म्हणजे क्वेरी, हळू चालते अशी तक्रार आली की नवा प्रोग्रामर सर्वप्रथम शोधाच्या कॉलमवर इंडेक्स, म्हणजे शोध जलद करणारी सूची, टाकतो, आणि तरीही फरक पडला नाही की तो आणखी एक इंडेक्स टाकतो. इंडेक्स बनवताना आपण कॉलमचे नाव देतो, त्यामुळे तो त्या कॉलमवरच्या सगळ्याच प्रश्नांची उत्तरे देईल असा समज होतो. वास्तवात बी-ट्री, हॅश, ब्रिन, जिन अशा प्रत्येक प्रकारचा इंडेक्स मोजक्याच प्रश्नांसाठी घडवलेला असतो आणि बाकीच्या प्रश्नांपुढे तो गप्प बसतो. कोणता इंडेक्स कुठे गप्प बसतो हे स्वतः करून पाहता यावे, यासाठी हा लेख आहे. उदाहरणांसाठी मी पोस्टग्रेस (एक डेटाबेस प्रणाली) घेतले आहे, कारण ते विनामूल्य मिळते, त्यात इंडेक्सचे अनेक प्रकार एकत्र पाहता येतात आणि प्रत्येकाच्या मर्यादा त्याच्या अधिकृत माहितीपुस्तिकेत प्रांजळपणे लिहिलेल्या आहेत.

पायरी पहिली: सरावाचे टेबल आणि क्वेरीची योजना

बाजार समितीत शेतमालाची आवक होते तेव्हा पावत्या फाडल्या जातात, तसे 'पावत्या' नावाचे एक टेबल तयार करा. त्यात पावती क्रमांक, नोंदीची वेळ, गाव, शेतकऱ्याचे नाव, ३२ अक्षरांचे टोकन, वजन आणि शेरा असे कॉलम ठेवा. पोस्टग्रेसमध्ये टेबलांची आणि कॉलमांची नावे देवनागरीतही देता येतात. फक्त नावाची कमाल लांबी ६३ बाइट आहे आणि देवनागरीतले प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ या अक्षरसंकेतात ३ बाइट घेते, म्हणजे काना-मात्रा धरून २१ चिन्हे मिळतात, हे लक्षात असू द्या. 'जनरेट सिरीज' या फंक्शनने १० लाख ओळी भरा, टोकनसाठी पावती क्रमांकाचा एमडी-५ (कोणत्याही मजकुरापासून ३२ अक्षरांची खूण काढणारे फंक्शन) घ्या, नोंदीची वेळ क्रमाने वाढत जाईल असे पाहा, आणि शेवटी 'अ‍ॅनालाइझ' ही आज्ञा चालवा, म्हणजे टेबलात काय आहे याची आकडेवारी डेटाबेसला मिळेल.

आता कोणतीही क्वेरी चालवताना तिच्या आधी 'एक्सप्लेन अ‍ॅनालाइझ' लिहा आणि त्यात 'बफर्स' हा पर्याय चालू ठेवा. जी योजना दिसेल तिच्यात 'सीक्वेन्शियल स्कॅन' असेल तर सगळे टेबल वाचले गेले, आणि 'इंडेक्स स्कॅन' असेल तर इंडेक्सचा उपयोग झाला. 'इंडेक्स स्कॅन' हे शब्द दिसले म्हणून लगेच समाधान मानू नका. त्याखाली 'फिल्टर' म्हणून किती ओळी टाकून दिल्या तेही वाचा, कारण इंडेक्समधून ५० हजार ओळी आणून त्यातल्या ४९ हजार फेकल्या असतील, तर त्या इंडेक्सने फारशी मदत केलेली नाही.

नवशिक्यांची इथे एक नेहमीची गफलत होते. टेबल लहान असेल, किंवा क्वेरीला टेबलचा मोठा हिस्सा हवा असेल, तर इंडेक्स योग्य असूनही डेटाबेस मुद्दामच सगळे टेबल वाचतो, कारण तेच स्वस्त पडते. म्हणून इंडेक्स वापरता येत नाही की वापरायचा नाही असे ठरले आहे, हे वेगळे करण्यासाठी सरावाच्या सत्रापुरता 'एनेबल सीक्वेन्शियल स्कॅन' हा पर्याय बंद करून तीच क्वेरी पुन्हा चालवा. तरीही अट इंडेक्सवर लागली नाही, तर मर्यादा त्या इंडेक्सचीच आहे. हा पर्याय चालू व्यवहाराच्या सर्व्हरवर बंद ठेवू नये.

पायरी दुसरी: बी-ट्री, आणि क्रमाबाहेरचे प्रश्न

प्रकार न सांगता इंडेक्स बनवला तर बी-ट्रीच मिळतो. रुडॉल्फ बायर आणि एडवर्ड मॅकक्राइट यांनी बोइंगच्या संशोधन प्रयोगशाळेत ही रचना मांडली आणि १९७२ साली ती नियतकालिकात प्रसिद्ध झाली. तिचे सामर्थ्य क्रमात आहे. पोस्टग्रेसचे एक पान ८ किलोबाइटचे असते. पावती क्रमांकासारख्या ८ बाइटच्या आकड्याच्या साडेतीनशेच्या आसपास नोंदी एका पानात मावतात, त्यामुळे अवघ्या तीन पातळ्यांत चार कोटींहून जास्त नोंदी बसतात. बरोबर, लहान, मोठा, दोहोंच्या दरम्यान, रिकामे आहे का आणि क्रमाने लावून द्या, हे सगळे प्रश्न तो सोडवतो.

क्रम हे बळ असल्यामुळे क्रमाला धरून नसलेला प्रश्न त्याला पेलत नाही. 'गाव' या कॉलमवर इंडेक्स टाका आणि 'शिर' ने सुरू होणारी गावे 'लाइक' (नमुन्याशी जुळवून पाहणारी अट) वापरून शोधा. शिरूर, शिराळा, शिर्डी ही नावे क्रमाने जवळजवळच असणार, तरी डेटाबेसचे लोकेल (भाषेची आणि वर्णक्रमाची मांडणी) 'सी' सोडून दुसरे काही असेल तर साधा बी-ट्री इथे वापरला जात नाही, कारण त्या भाषेचा वर्णक्रम आणि अक्षरशः पहिली तीन चिन्हे जुळणे यांचा मेळ बसेलच याची खात्री डेटाबेसला देता येत नाही. इंडेक्स बनवताना 'टेक्स्ट पॅटर्न ऑप्स' ही ऑपरेटरांची जात दिली की हा अडथळा दूर होतो. मात्र 'वाडी' ने संपणारी गावे हवी असतील तर तोही उपयोगाचा नाही. त्यावर एक जुना उपाय आहे: 'रिव्हर्स' फंक्शनने नाव उलटे करून त्या उलट्या नावावर तसाच इंडेक्स बनवायचा आणि शोधतानाही शब्द उलटा करायचा. 'वाडी' उलटे केल्यावर सुरुवातीलाच सुटी वेलांटी येते आणि ते डोळ्यांना विचित्र दिसते, पण डेटाबेसला त्याचे काही वाटत नाही आणि शोध अचूक लागतो.

कॉलमवर फंक्शन लावले की साधा इंडेक्स बाजूला पडतो, हे तर रोजच्या अनुभवाचे आहे. नोंदीच्या वेळेतून फक्त तारीख काढून ती आजच्या तारखेशी ताडून पाहिली, तर वेळेवरचा इंडेक्स कामी येत नाही. फंक्शनसकट इंडेक्स बनवावा म्हटले, आणि कॉलम टाइमझोनसहित असेल, तर पोस्टग्रेस नकार देते. कारण एकच क्षण मुंबईत एका तारखेत आणि लंडनमध्ये दुसऱ्या तारखेत असू शकतो, आणि ज्याचे उत्तर बदलू शकते असे फंक्शन इंडेक्समध्ये चालत नाही. अशा वेळी अटच बदलावी: आजच्या मध्यरात्रीपासून पुढे आणि उद्याच्या मध्यरात्रीच्या आत, अशी दोन टोकांची अट लिहिली की साधा इंडेक्स पुन्हा कामाला लागतो.

दोन कॉलमांच्या इंडेक्सचे गणित मतदारयादीसारखे आहे. यादी आधी प्रभागाने आणि मग नावाने लावलेली असेल, तर प्रभाग माहीत नसताना नाव शोधायला सगळी यादी चाळावी लागते. गाव आणि वेळ या क्रमाने बनवलेला इंडेक्स फक्त वेळेच्या अटीला तसाच अपुरा पडतो. सप्टेंबर २०२५ मध्ये आलेल्या पोस्टग्रेस १८ मध्ये पहिला कॉलम ओलांडून जाण्याची सोय झाली आहे, पण पहिल्या कॉलममध्ये वेगवेगळ्या किमती थोड्याच असतील तेव्हाच तिचा खरा लाभ होतो. कॉलमांचा क्रम विचारपूर्वक ठरवण्याची जबाबदारी त्यामुळे टळत नाही.

मराठी मजकूर साठवणाऱ्यांनी आणखी दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. पहिली आकाराची: बी-ट्रीची एक नोंद पानाच्या साधारण एक तृतीयांशाहून, नेमके सांगायचे तर २७०४ बाइटहून, मोठी असू शकत नाही. ३ बाइटच्या हिशेबाने ही मर्यादा सुमारे ९०० चिन्हांवर येते. मोठा मजकूर आधी आकुंचित केला जात असल्याने काही लांब शेरे त्यातून निभावून जातात, आणि म्हणूनच ही चूक चाचणीत न दिसता कित्येक महिन्यांनी एखाद्याच्या लांबलचक शेऱ्यावर अचानक उघड होते.

दुसरी गोष्ट वर्णक्रमाची आहे, आणि ती अधिक गंभीर आहे. मजकुराचा क्रम पोस्टग्रेस बऱ्याचदा ऑपरेटिंग सिस्टिमकडून घेते. २०१८ साली लिनक्सच्या जीलिबसी या मूलभूत प्रोग्राम-लायब्ररीची २.२८ ही आवृत्ती आली तेव्हा तिच्यातला वर्णक्रम मोठ्या प्रमाणात बदलला, आणि जुन्या क्रमाने रचलेले बी-ट्री नव्या क्रमाने वाचले जाऊ लागल्यामुळे असलेल्या नोंदी सापडेनाशा झाल्या, अद्वितीय म्हणून राखलेल्या कॉलममध्ये दुबार नोंदी शिरण्याची वाट मोकळी झाली. म्हणून ऑपरेटिंग सिस्टिमची मोठी आवृत्ती बदलली की मजकुरावरचे इंडेक्स 'रीइंडेक्स' करणे, म्हणजे नव्याने बांधणे, हे त्या कामाचाच भाग समजावे.

जाता जाता एक सूचना. 'कऱ्हाड' हा शब्द काही जण नुक्त्याच्या ऱ ने टंकतात, तर काही र, हलन्त आणि अदृश्य जोडचिन्ह वापरून टंकतात. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण इंडेक्सला ते दोन वेगळे शब्द वाटतात. पोस्टग्रेस १३ पासून असलेले 'नॉर्मलाइझ' फंक्शन नुक्ता वेगळा टंकलेल्या ऱ ला एकसंध करते, परंतु अदृश्य जोडचिन्हाचा प्रकार त्याने सुटत नाही. तो नोंद करतानाच आपल्या प्रोग्रामने एकसारखा करून घ्यावा लागतो.

पायरी तिसरी: हॅश, ज्याला एकच प्रश्न कळतो

आता टोकनच्या कॉलमवर 'युझिंग हॅश' लिहून इंडेक्स बनवा. हॅश इंडेक्स मूळ किंमत साठवतच नाही. तिच्यापासून ४ बाइटचा एक आकडा काढतो, त्या आकड्यावरून कप्पा ठरवतो आणि त्या कप्प्यात फक्त आकडा व ओळीचा पत्ता ठेवतो. किंमत ३२ अक्षरांची असो किंवा दोन हजार अक्षरांचा वेबपत्ता असो, नोंद तेवढीच राहते, आणि बी-ट्रीची आकाराची मर्यादा इथे आड येत नाही.

ही रचना समजली की तिच्या मर्यादा पाठ कराव्या लागत नाहीत. आकड्यावरून मूळ किंमत परत मिळत नाही, म्हणून फक्त इंडेक्स वाचून उत्तर देणे त्याला शक्य नाही. प्रत्येक वेळी टेबलातली ओळ उघडून किंमत खरोखर तीच आहे ना हे पडताळावे लागते, कारण दोन वेगळ्या किमतींचा आकडा एकच येऊ शकतो. दोन शेजारच्या किमतींचे आकडे एकमेकांच्या आसपासही नसतात, म्हणून लहान-मोठा, दरम्यानचा, सुरुवात जुळणारा आणि क्रमाने लावण्याचा प्रश्न आला की तो निरुपयोगी ठरतो. रिकाम्या किमती तो नोंदवत नसल्याने 'ज्यांना टोकनच दिलेले नाही अशा पावत्या' त्याच्याकडून मिळणार नाहीत. आपल्या टेबलावर हे सगळे प्रश्न एकेक करून चालवा आणि प्रत्येक वेळी योजनेत 'सीक्वेन्शियल स्कॅन' कसा परत येतो ते पाहा.

पोस्टग्रेसमधल्या हॅशला आणखी दोन बंधने आहेत. तो एकाच कॉलमवर बनतो, आणि त्याला 'युनिक' करता येत नाही. लांब मजकूर दुबार येऊ नये अशी अट हवी असेल, तर त्या मजकुराच्या एमडी-५ वर अद्वितीय बी-ट्री बनवणे हा सरळ मार्ग आहे. दुसरा मार्ग हॅशवर आधारलेल्या 'एक्स्क्लूड' (आधीच्या नोंदीशी टक्कर होणारी नोंद नाकारणाऱ्या) अटीचा आहे. तो चालतो, परंतु दुबार नोंद आल्यास जुनीच अद्ययावत करण्याची 'ऑन कॉन्फ्लिक्ट डू अपडेट' ही सोय त्या अटीबरोबर मिळत नाही, आणि प्रत्यक्ष कामात तीच बहुधा हवी असते.

ज्या कॉलममध्ये त्याच त्या किमती पुन्हा पुन्हा येतात तिथेही हॅश टाकू नये. गावाच्या नावावर हॅश टाकला आणि एकाच गावाच्या ४० हजार पावत्या असल्या, तर त्या सगळ्या एकाच कप्प्यात जाऊन पडतात आणि त्या कप्प्यामागे जादा पानांची लांबच लांब साखळी लागते. ओळी पुसल्यानंतरही असा इंडेक्स आकसत नाही. त्याला लहान करण्याचा उपाय म्हणजे तो नव्याने बांधणे.

जुन्या आवृत्त्यांमध्ये याहून मोठा धोका होता, आणि तो मी स्वतः अनुभवला आहे. डेटाबेस कोणताही बदल आधी एका नोंदवहीत लिहितो, तिला वॉल म्हणतात. सर्व्हर अचानक बंद पडला तर तिच्यावरूनच सावरता येते आणि राखीव सर्व्हरलाही तिच्यातूनच बदल कळतात. ऑक्टोबर २०१७ मध्ये पोस्टग्रेस १० येईपर्यंत हॅश इंडेक्सचे बदल या नोंदवहीत लिहिलेच जात नसत. मी पूर्वी काम करत असलेल्या एका ठिकाणी ९.६ ही आवृत्ती होती. एका रात्री मुख्य सर्व्हर बंद पडला, राखीव सर्व्हरला मुख्य केले, आणि सकाळी आदल्याच दिवशी दिलेले टोकन टाकले तर 'अशी नोंद नाही' असे उत्तर येऊ लागले. तीच ओळ तारखेने शोधली की समोर हजर होती. डेटा सुरक्षित होता; फक्त तिथे पोहोचवणारा हॅश इंडेक्स जुन्या काळात अडकलेला होता. 'रीइंडेक्स' करायला काही मिनिटे लागली, पण दोष तिथे आहे हे उमगायला अर्धा दिवस गेला, आणि इंडेक्स बनवताना याच धोक्याचा इशारा पडद्यावर येऊन गेला होता हे नंतर जुन्या नोंदी चाळताना कळले. पोस्टग्रेस १० पासून ही उणीव राहिलेली नाही. जुन्या आवृत्तीवरून वर येणाऱ्यांनी मात्र हॅश इंडेक्स नव्याने बांधूनच घ्यावेत.

माझे मत विचाराल तर, लांब, जवळपास अद्वितीय आणि केवळ 'बरोबर' या चिन्हाने शोधल्या जाणाऱ्या कॉलमसाठी हॅश चांगला आहे. याखेरीज नवशिक्याने बी-ट्रीच वापरावा.

पायरी चौथी: ब्रिन, आणि ओळींची प्रत्यक्ष जागा

नोंदीच्या वेळेवर ब्रिन बनवून त्याचा आकार त्याच कॉलमवरच्या बी-ट्रीशी ताडून पाहा. फरक थक्क करणारा असतो. हा प्रकार जानेवारी २०१६ मधल्या ९.५ आवृत्तीत आला. तो टेबलाचे १२८-१२८ पानांचे, म्हणजे प्रत्येकी १ मेगाबाइटचे गठ्ठे पाडतो आणि प्रत्येक गठ्ठ्यातली सर्वांत लहान व सर्वांत मोठी किंमत तेवढी लिहून ठेवतो. १ गिगाबाइटच्या टेबलाला त्यामुळे १०२४ टिपणे पुरतात.

पण ओळी डिस्कवर ज्या क्रमाने पडल्या आहेत त्याच क्रमाने किमतीही वाढत असतील, तरच त्या टिपणांना अर्थ असतो. आता टोकनच्या कॉलमवर ब्रिन बनवा: प्रत्येक गठ्ठ्यात लहानांत लहान आणि मोठ्यांत मोठे टोकन सापडेल, कोणताच गठ्ठा वगळता येणार नाही आणि सगळे टेबल वाचावे लागेल. 'पीजी स्टॅट्स' या आकडेवारीच्या तक्त्यामधला 'कोरिलेशन' (किमतींचा क्रम आणि ओळींची जागा यांचा मेळ) हा आकडा १ किंवा उणे १ च्या जवळ असेल तरच ब्रिनचा विचार करावा, शून्याजवळ असेल तर करू नये. जुन्या पावत्या पुसून मोकळ्या झालेल्या जागेत नव्या पावत्या बसू लागल्या की हा मेळ हळूहळू बिघडतो, म्हणून तो आकडा अधूनमधून पाहत राहावे. शिवाय नव्या गठ्ठ्यांची टिपणे आपोआप घेण्याचा पर्याय मुळात बंद असतो. तो चालू केला नाही, तर व्हॅक्यूम (टेबलाची साफसफाई) होईपर्यंत ताज्या नोंदींचे गठ्ठे दर वेळी पूर्ण वाचले जातात.

पायरी पाचवी: जिन आणि मराठी शब्द

शेऱ्यातला एखादा शब्द शोधायचा असेल तर जिन कामाचा. पुस्तकाच्या मागच्या सूचीत शब्दापुढे पृष्ठांक असतात, तशी यात प्रत्येक शब्दापुढे ओळींच्या पत्त्यांची यादी असते. एका शेऱ्यात २० वेगळे शब्द असले तर एक ओळ भरताना २० ठिकाणी नोंद करावी लागते, म्हणून लिहिण्याच्या कामात तो जड जातो. हा भार हलका करण्यासाठी नव्या नोंदी आधी एका प्रलंबित यादीत टाकल्या जातात, जिची मूळ मर्यादा ४ मेगाबाइट आहे. ती भरली की ज्याची नोंद नेमकी त्या क्षणी आली त्याला सगळी यादी मार्गी लागेपर्यंत थांबावे लागते. एरवी झटपट होणारी नोंद मध्येच एखादी रखडते तिचे कारण पुष्कळदा इथे असते. जिन क्रमाने लावून देत नाही, अद्वितीयता राखत नाही आणि केवळ स्वतःवरून उत्तरही देत नाही.

मराठीसाठी त्याची खरी अडचण शब्दरूपांची आहे. पोस्टग्रेसबरोबर येणाऱ्या शब्दमूळ काढणाऱ्या कोशांत हिंदी, नेपाळी आणि तमिळ आहेत, मराठी नाही. 'सिंपल' ही मांडणी वापरावी लागते, आणि तिच्या लेखी कांदा, कांद्याचा आणि कांद्याला हे तीन परस्परांशी संबंध नसलेले शब्द आहेत. आधी 'टीएस डीबग' फंक्शनला एक मराठी वाक्य देऊन शब्द अखंड येत आहेत ना हे तपासा, कारण लोकेल चुकीचे असल्यास ते मात्रांपाशी तुटू शकतात. त्यानंतर शब्दाच्या सुरुवातीच्या भागावरून शोधण्याची सोय वापरा. 'कांद' एवढे दिले की वरची तिन्ही रूपे सापडतात, अर्थात नको असलेला एखादा शब्दही सोबत येऊ शकतो.

शब्दाच्या मधला तुकडा शोधण्यासाठी 'पीजी ट्रायग्रॅम' हे विस्तारक आहे. ते तीन-तीन चिन्हांचे तुकडे पाडते, त्यामुळे दोन्ही बाजू मोकळ्या ठेवून 'कर' एवढेच शोधले तर पूर्ण तुकडाच बनत नाही आणि सगळा इंडेक्स वाचावा लागतो. शोधपेटीत किमान तीन चिन्हांची अट घालणे हे त्यामुळे पडद्याइतकेच डेटाबेसच्याही हिताचे आहे.

पायरी सहावी: दुसऱ्या डेटाबेसवर काम असेल तर

मायएसक्यूएलच्या इनोडीबी इंजिनात 'युझिंग हॅश' लिहिले तरी प्रत्यक्षात बी-ट्रीच बनतो, तेव्हा 'शो इंडेक्स' चालवून खात्री करावी. तिथली लांबीची मर्यादा नव्या ओळरचनेत ३०७२ बाइट आहे आणि हिशेब प्रत्येक चिन्हाला ४ बाइट धरून होतो, म्हणजे ७६८ चिन्हे. जुन्या रचनेत ७६७ बाइट असल्याने फक्त १९१ चिन्हे मिळत. ओरॅकलचा बिटमॅप इंडेक्स मोजक्या किमतींच्या कॉलमवर अहवालांसाठी उत्तम आहे, पण त्याची एक नोंद असंख्य ओळींना व्यापते, त्यामुळे एकाच वेळी अनेक जण नोंदी बदलत असतील तर ते एकमेकांना अडवून धरतात.

पायरी सातवी: चालू टेबलावर

सरावानंतर खऱ्या टेबलाकडे वळताना कॉलमांची यादी बाजूला ठेवा आणि रोज चालणाऱ्या क्वेरींमधल्या अटी कागदावर लिहून काढा: कुठे 'बरोबर' आहे, कुठे 'दरम्यान', कुठे 'लाइक', कुठे क्रम. त्या कागदावरून इंडेक्सचा प्रकार ठरवा. इंडेक्स 'कन्करंटली' या शब्दासह बनवा, म्हणजे नोंदी थांबणार नाहीत. मात्र मध्येच काही बिघडले तर एक अवैध इंडेक्स मागे उरतो, जो क्वेरीला उपयोगी पडत नाही आणि लिहिण्याचा खर्च मात्र वाढवतो. तो शोधून काढून टाका.

महिनाभराने 'पीजी स्टॅट युझर इंडेक्सेस' मध्ये प्रत्येक इंडेक्स किती वेळा वापरला गेला ते पाहा. शून्य दिसले म्हणून लगेच काढू नका. अहवाल राखीव सर्व्हरवर चालत असतील तर त्यांची मोजणी त्या सर्व्हरवर वेगळी होते, ती तिथे जाऊन पाहावी लागते. आणि अद्वितीय इंडेक्स एकदाही शोधासाठी वापरला गेला नसला, तरी प्रत्येक नव्या पावतीला दुबार क्रमांक मिळू न देण्याचे काम तो करत असतो.